मॅडम, पोरीची शाळा बदलू का?

"तिला दुसऱ्या शाळेत घालायचं म्हणतोय. दाखल्याचं तुम्ही सिस्टरांना जरा सांगा ना मॅडम."

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. आठवीचं वर्ष निम्म्याच्या पुढं गेलेलं आणि ही आई दाखला मागत होती. कारण विचारलं, तर म्हणाली, "लांब पडतंय." कोरेगावकडच्या त्यांच्या वाडीपासून साताऱ्यातली ही कॉन्व्हेंट शाळा चार वर्षं लांब पडली नव्हती. मी आठवड्यातून दोन दिवस तिथं समुपदेशक म्हणून बसते. लांब पडतंय, तब्येत बरी नसते, अभ्यास झेपत नाही, ही कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. खरं कारण त्यांच्यामागं असतं.

मुलीचं बदललेलं नावही इथं देत नाही. आपल्याकडे दोन दुवे जुळले की माणूस ओळखायला वेळ लागत नाही, म्हणून घरातले आणि वाटेतले काही तपशील बदलले आहेत. आईचा प्रश्न मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण तो वेगवेगळ्या घरांतून माझ्यापर्यंत येत राहतो. मुलीशी कुणी वावगं वागलं आणि तक्रार केली, तर नाव मुलीचंच होणार. त्यापेक्षा गुपचूप शाळा बदललेली काय वाईट?

मुलगी आत आली तेव्हा सॅक तिनं पाठीवरून काढून मांडीवर घेतली. बाजूला रिकामी खुर्ची होती, तरी तासभर ती सॅक मांडीवरून हलली नाही. पट्टा बोटाभोवती गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. मी तिला 3 जानेवारीच्या कार्यक्रमाबद्दल विचारलं, कारण त्यात ती सावित्रीबाई झाली होती. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्यामुळे इथल्या शाळांत तो दिवस मनापासून साजरा होतो. अंगावर शेण पडायचं म्हणून सावित्रीबाई जास्तीचं लुगडं सोबत न्यायच्या, हा प्रसंग हिनं केला होता.

ती म्हणाली, "मॅडम, ते शेण मारणारे घरी गेल्यावर त्यांना कुणी काही म्हणत होतं का?"

मग हळूहळू व्हॅनचं निघालं. बास्केटबॉलची प्रॅक्टिस साडेपाचला सुटते. शेवटच्या खेपेला पाच-सहाच मुलं असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर व्हॅनवाले काका तिला रोज पुढं बसवायला लागले. "गिअर टाकताना..." एवढं बोलून ती थांबली. तळहात सॅकवर गुडघ्याच्या वर ठेवला आणि चटका बसावा तसा लगेच उचलला. मी त्यापुढं विचारलं नाही. मागं बसलेली मुलं तिला 'व्हीआयपी' म्हणायची. डिसेंबरमध्ये गुडघा दुखतो म्हणून तिनं प्रॅक्टिसच सोडली होती.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं आणि मोठी माणसं मायेपोटी पटकन 'नाही' म्हणून मोकळी होतात. तेवढं करू नका. दुसऱ्या दिवशी तो शब्द मोडावा लागतो आणि आपण सांगितलं हीच चूक झाली, असं मुलाला वाटतं. मी तिला म्हटलं, "सांगावं लागेल, बाळा. पण कुणाला, कधी आणि काय सांगणार ते आधी तुला सांगेन. आणि हे सगळ्यांना तुलाच पुन्हा पुन्हा सांगत बसावं लागू नये, हे मी बघेन." ती गप्प राहिली. मग विचारलं, "ते काका उद्या असतील?" तिच्या दृष्टीनं खरा प्रश्न तो होता.

आईला हे नाताळच्या सुट्टीतच कळलं होतं. मुलीनं सांगितल्यावर आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "तू पुढं बसायला गेलीसच कशाला?" माझ्यासमोर ती सगळ्यात जास्त रडली ती या वाक्यासाठी. "मला तसं म्हणायचं नव्हतं हो, निघून गेलं तोंडातून." खरंच निघून जातं. आपल्या आयांनी, आज्यांनी आपल्याला तेच विचारलेलं असतं. पण मुलाला पहिल्या पाच मिनिटांत जे ऐकू येतं, त्यावर ते पुढं बोलेल की कायमचं मिटून घेईल हे ठरतं. "बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही," एवढी दोन वाक्यं पुरेशी असतात. उशिरा बोलली तरी चालतात. त्या दिवशी आईनं ती माझ्या खोलीत, लेकीचा हात धरून म्हटली. पट्टा गुंडाळणारं बोट तेवढा वेळ थांबलं.

वडिलांना एमआयडीसीतून बोलावून घेतलं. आधी म्हणाले, "त्याचे हातपाय तोडतो." दहा मिनिटांनी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. पोरीची जात, उद्या लग्न करायचंय." दोन्ही वेळा ते स्वतःच्या अब्रूबद्दल बोलत होते. लेकीला काय हवंय, हे त्यांनी अजून विचारलंच नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. बापाला हेच शिकवलेलं असतं.

त्यांना मी जे समजावलं ते इथंही सांगते, कारण भीती बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे असते. 18 वर्षांखालच्या मुलामुलींना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 पासून आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं हे त्या कायद्यानं बंधनकारक आहे. ते माझ्यावर आहे, मुख्याध्यापकांवर आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मी त्यांची परवानगी मागत नव्हते, सोबत या म्हणत होते. मुलीचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला किंवा दाखवायला बंदी आहे. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं होतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, अंगावर गणवेश नसतो आणि तिचा विश्वास असलेलं घरचं माणूस जवळ बसू शकतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला पोलिसांनी 24 तासांच्या आत कळवायचं असतं. न्यायालयातही सुनावणी बंद दाराआड होते आणि आरोपी मुलासमोर येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते.

वडील ऐकत होते, पण मान खालीच. मी त्यांना मुलीनं विचारलेला एकच प्रश्न सांगितला, ते काका उद्या असतील का हा. आणि म्हटलं, तुमची मुलगी गेली तरी व्हॅन इथंच राहील. पुढच्या सीटवर कुणीतरी बसेलच.

दुपारी दीडला बसलो होतो. चार वाजता आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. ह्यांना यायचं असेल तर येतील." ते आले.

शाळा चालवणाऱ्या सिस्टरांकडे मी भीतभीतच गेले होते, हे कबूल करते. शाळांना नावाची काळजी असते आणि पहिली धाव 'आधी आपण आपली चौकशी करू' अशी असते. त्यात दिवस जातात, मुलाला पाच जणांपुढं तेच पुन्हा सांगावं लागतं आणि तोवर समोरचा सावध होतो. तपास हे पोलिसांचं काम आहे. शाळेनं कळवायचं आणि मुलाला जपायचं. सिस्टरांनी माझं सगळं ऐकलं, एकदाच लिहून घेतलं, व्हॅन त्याच संध्याकाळपासून बंद केली आणि पत्र घेऊन स्वतः ठाण्यात आल्या. परतताना म्हणाल्या, "गप्प बसण्याची किंमत आमच्या चर्चनं जगभर मोजली आहे." 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर चर्चमधल्या अशा तक्रारी वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं, ते त्या किमतीतूनच आलं. इथला माणूस व्हॅनवाला होता, पण सिस्टरांच्या लेखी गप्प बसणं तेच होतं.

जबाबाला आलेल्या महिला उपनिरीक्षकांनी गाडी वाडीच्या तोंडाशीच ठेवली आणि पंजाबी ड्रेसमध्ये चालत घरी आल्या. शेजारणीला वाटलं शाळेतल्या बाई आल्यात. सगळीकडे असा अनुभव येतो असं मी म्हणणार नाही. आणि गाजावाजा झालाच नाही असंही नाही. भावकीत कुणकुण लागली, एका आत्यानं फोनवर नको ते विचारलं. आईनं उत्तर दिलं, "ज्यानं केलं त्याला विचारा," आणि फोन ठेवला.

मग पालकसभा. मुलीचा उल्लेखही न करता सिस्टरांनी फक्त एवढं सांगितलं, की एका वाहनचालकाविरुद्ध तक्रार झाली आहे, शाळेनं ती पोलिसांकडे दिली आहे. हॉलमध्ये सूचनांचा पाऊस पडला. मुलींना स्कर्टऐवजी ट्रॅकसूट द्या. मुलींची प्रॅक्टिस चारलाच संपवा. मुलींनी पुढच्या सीटवर बसू नये. मुलींनी चालकाशी बोलू नये. सिस्टर प्रत्येक सूचना फळ्यावर लिहीत गेल्या. मग खडू बदलून त्यांनी प्रत्येक ओळीतला पहिला शब्द अधोरेखित केला. मुलींना, मुलींची, मुलींनी, मुलींनी. फळा भरला होता आणि त्यात व्हॅनवाल्यानं, मुलग्यांनी किंवा शाळेनं काय करायचं याची एक ओळ नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, "भारतातल्या कॅथलिक चर्चनं 2010 मध्ये स्त्री-पुरुष समतेचं धोरण जाहीर केलं. माझ्या शाळेत मुलींचं मैदान दीड तासानं कमी केलं, तर ते धोरण मी कपाटातच ठेवावं." आणि शाळेची चूक त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. शाळेच्या वाहनांसाठी 2011 पासून नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. आमच्याकडे ती कागदावर होती. सकाळच्या गाडीत मावशी असायच्या, संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला नसायच्या, कारण मुलं थोडी. धोका नेमका तिथं होता.

तक्रारपेटीचंही तसंच. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर, 2024 च्या ऑगस्टमध्ये, सरकारनं तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही याबद्दल शाळांना पुन्हा बजावलं. आमची पेटी ऑफिसच्या दारात होती, क्लार्कच्या खिडकीसमोर. तिथं चिठ्ठी कोण टाकणार? ती ग्रंथालयाच्या आतल्या कोपऱ्यात हलवली. पहिल्याच आठवड्यात चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक मुलाची होती. पॉक्सो मुलग्यांसाठीही आहे, हे पालकांना सांगितलं की अजूनही कित्येकांना नवल वाटतं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी मागच्या सीटवरच्या मुलांना दिला. 'व्हीआयपी' म्हणणारे तेच. एकजण म्हणाला, "आम्हाला वाटलं तिला आवडतं पुढं बसायला." दुसरा बराच वेळ बूट फरशीवर घासत होता. शेवटी म्हणाला, "मला दिसलं होतं. मी घरी सांगितलं. मम्मी म्हणाली, तू त्यात पडू नको." तेरा वर्षांच्या पोरानं बघितलं होतं, त्याला खटकलं होतं, त्यानं सांगितलंही होतं. आपण मोठ्यांनी त्याला गप्प बसायला शिकवलं आणि मग तो हसणाऱ्यांत हसायला लागला. मुलग्यांना आदर शिकवा म्हणतात, तेव्हा मला हा मुलगा आठवतो. शिकवायच्या आधीचं थोडं त्याच्याजवळ होतं. त्याची आई नंतर मला भेटून गेली. पोलिसांना जे पाहिलं ते सांगायला तिनं त्याला स्वतः नेलं.

दाखल्याचा विषय फेब्रुवारीत संपला. मुलीलाच विचारलं होतं, तर म्हणाली, "मी का जाऊ?" प्रॅक्टिस लगेच सुरू केली नाही तिनं. काही दिवस नुसती ग्राउंडच्या कडेला बसायची, सॅक मांडीवर. मी घाई केली नाही, पीटीच्या बाईंनाही करू दिली नाही. खटला चालू आहे, त्याला वेळ लागेल. मधूनच तिला रात्री झोप लागत नाही, तेव्हा आम्ही भेटतो.

परवा साडेपाचच्या सुमारास मी निघाले होते. फाटकाशी तिचे वडील मोटारसायकल लावून उभे. शेवटच्या व्हॅनमध्ये आता चालकाशेजारी मावशी बसतात, तरी आठवड्यातून एखाद्या दिवशी ते येतात. ग्राउंडवर तिचा खेळ चालला होता, सॅक बास्केटच्या खांबाला टेकवून ठेवलेली. मी म्हटलं, "हाक मारू का तिला?"

"नको नको," ते म्हणाले, "खेळू दे. मी थांबतो."