टीएलएस लावल्यापासून एकाच खात्यावरील दोनपैकी एकच फोन वाजतो, असे का?

एकाच खात्यावर टेबलावरचा फोन आणि मोबाइलवरील ॲप अशी दोन उपकरणे नोंदवलेली आहेत, कामाइलिओ या इंटरनेट-फोन सर्व्हरवर यूडीपी (कायम जोडणी न ठेवता संदेश पाठवण्याची पद्धत) होते तोवर दोन्ही वाजत होती, आणि ॲप टीएलएसवर (टीसीपी या टिकाऊ जोडणीवरून कूटबद्ध संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर) नेल्यापासून ते नोंदणीनंतर काही मिनिटांनी वाजेनासे होते, असा आपला प्रश्न आहे. या वर्णनावरून फोर्किंगच्या, म्हणजे एकच कॉल अनेक उपकरणांकडे पाठवण्याच्या, नियमांत मला दोष दिसत नाही. दोष बहुधा जोडणी टिकण्यात आहे.

कॉल आला की प्रॉक्सी, म्हणजे इथे कामाइलिओ, लोकेशन टेबलमधून (नोंदवलेल्या उपकरणांच्या यादीतून) त्या खात्याचे सर्व पत्ते काढतो आणि प्रत्येकाकडे इन्व्हाइटची (कॉल सुरू करणाऱ्या संदेशाची) वेगळी शाखा पाठवतो. नॅटच्या (अनेक उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या राउटरच्या सोयीच्या) आड असलेल्या ॲपकडे मात्र त्याला स्वतःहून नवी टीएलएस जोडणी उघडता येत नाही, कारण नॅट ती आत येऊ देत नाही आणि ॲपकडे सर्व्हर म्हणून दाखवण्याजोगे प्रमाणपत्रही सहसा नसते. म्हणून नोंदणी करताना ॲपने उघडलेली जोडणीच जिवंत राहावी लागते. कामाइलिओमध्ये वापराविना पडून असलेली टीसीपी जोडणी, कालमर्यादा वेगळी दिलेली नसल्यास, १२० सेकंदांनी बंद होते, तर नोंदणी अनेकदा ३६०० सेकंदांची असते. परिणामी जोडणी गेलेली असते, पत्ता मात्र टेबलमध्ये तसाच राहतो. दुसरा फोन वाजत असल्यामुळे कॉल करणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, कारण अपयशी शाखेचे उत्तर प्रॉक्सी स्वतःपाशीच ठेवतो.

खात्री करायची असेल तर टेबलच्या ‘रिसीव्ह्ड’ रकान्यातील पोर्ट सध्या चालू असलेल्या टीसीपी जोडण्यांच्या यादीत आहे का, ते पाहावे. नसेल, तर जोडणीची कालमर्यादा नोंदणीच्या मुदतीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे ३६०५ सेकंद ठेवावी, आणि मधला नॅट जोडणी विसरू नये म्हणून ॲपमध्ये कीप-अलाइव्ह (जोडणी जागती ठेवणारे ठरावीक वेळाने जाणारे छोटे संदेश) सुरू करावे.

एका बाजूला यूडीपी आणि दुसऱ्या बाजूला टीएलएस असताना दुहेरी रेकॉर्ड-रूट लागतो, म्हणजे पुढचे संदेश आपल्यामार्फतच यावेत यासाठी प्रॉक्सी दोन्ही बाजूंचे आपले पत्ते संदेशात नोंदवतो. तो मुळातच चालू असतो. कोणी बंद केला असल्यास कॉल उचलल्यानंतरचे एसीके (पोच) आणि बाय (कॉल संपवणे) हे संदेश भलत्या वाटेने जातात.

आपण विचारले नसले तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. टीएलएसने फक्त सिग्नलिंग, म्हणजे कॉल जुळवणारे संदेश, झाकले जाते. आवाजासाठी एसआरटीपी (आवाज कूटबद्ध करून पाठवण्याची पद्धत) वेगळे लावावे लागते. त्यात किल्ली ठरवण्यासाठी एसडीईएस ही पद्धत निवडल्यास कॉल करणाऱ्याची किल्ली एसडीपीमधून (इन्व्हाइटमधील आवाजाच्या तपशिलातून) प्रत्येक शाखेकडे जाते, म्हणजे ज्या फोनवर कॉल उचललाच गेला नाही त्यालाही ती मिळते, प्रॉक्सीला तर ती दिसतेच, आणि आपली एखादी शाखा अजून यूडीपीवर असेल तर त्या वाटेवर ती उघड्यावर पडते. दोन्ही टोकांना जमत असेल तर मी डीटीएलएस-एसआरटीपी घेईन, कारण त्यात किल्ली दोन टोकांमध्ये थेट ठरते आणि एसडीपीमधून केवळ प्रमाणपत्राचा ठसा जातो.