गाडीचा हीटर थंड हवा मारतोय? आधी कूलंट बघ

अरे, लगेच डॅशबोर्ड उघडायला घेऊ नकोस. पंखा चालतोय, हवा येतेय, म्हणजे फ्यूज आणि मोटर ठीक आहेत. हीटरला उष्णता मिळते ती इंजिनच्या कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून, तेव्हा सुरुवात तिथूनच कर. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढून पातळी बघ. गरम असताना चुकूनही हात लावू नकोस, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पातळी कमी असेल तर नुसतं भरून मोकळा होऊ नकोस, ते गेलं कुठे हे शोध. पायाशी मॅट ओली आणि काचेवर गोडसर वासाची चिकट वाफ असेल, तर हीटर कोअरच, म्हणजे कूलंटच्या उष्णतेवर हवा तापवणारा डॅशमागचा छोटा रेडिएटर, गळतोय.

पातळी बरोबर असेल तर गाडी पंधरा-वीस मिनिटं चालव आणि इंजिनच्या तापमानाचा काटा बघ. तो वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारा कूलंटचा रस्ता उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. साधारण ८० ते ९० अंशांना उघडायचा तो कायम उघडा राहिला की इंजिन तापतच नाही. पार्ट स्वस्त, काम सोपं.

काटा मधोमध आला की फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) आत जाणारे दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, जपून चाचप, पंख्यापासून हात लांब ठेवून. एक गरम, एक गार? कोअर तुंबलाय, हीटर व्हॉल्व्ह (कोअरकडे जाणारं कूलंट सोडणारा-रोखणारा) बंद आहे किंवा आत हवा अडकलीय. नुकतंच कूलंट बदललं असेल तर बहुधा हवाच. दोन्ही गरम असतील तर दोष ब्लेंड डोअरचा, म्हणजे गरम-थंड हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या झडपेचा. तापमानाची कळ फिरवताना डॅशमागे टकटक ऐकू आली, तर त्याच्या छोट्या मोटरचे दाते गेलेत.