अपचनावरचा 'लिऊ जुन त्झी तांग' हा चिनी काढा खरंच लागू पडतो का?

थोडाफार, आणि तोही ठरावीक तक्रारींत. चार घास खाल्ले की पोट तुडुंब, जेवणानंतर जडपणा, पण एंडोस्कोपीत काहीच सापडत नाही. डॉक्टर याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. जिनसेंग, ज्येष्ठमध, आलं, संत्र्याची वाळवलेली साल वगैरे घातलेला हा काढा त्यावर देतात.

जपानमध्ये तोच 'रिक्कुनशितो' नावाने, ठरलेल्या मात्रेच्या पुडीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. त्यामुळे बऱ्याच नीट चाचण्या तिथेच झाल्या. 2014 मध्ये 247 रुग्णांना 8 आठवडे हे औषध किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय पुडी दिली. औषधवाल्यांपैकी सुमारे 34 टक्क्यांना आराम पडला, निष्क्रिय पुडीवाल्यांपैकी 24 टक्क्यांना. बरं वाटतं खरं ऐकायला, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं मात्र औषधाने स्पष्ट कमी झालं. 2018 मधल्या लहान चाचणीत जेवणानंतरच्या जडपणावरही फायदा दिसला. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन हार्मोनवर परिणाम होतो म्हणतात, त्याचा बराचसा पुरावा उंदरांवरचा आहे.

'वनस्पतीच तर आहे' म्हणून ऑनलाइन मागवू नका. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन उतरतंय, शौचाला काळी होतेय किंवा घास अडकतोय, तर काढा राहू दे, आधी तपासणी.