पंधरा हजारांचं लीड गेलं कुठे?

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला असतो, तो सांगत होता की तिकडे रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत लेबर पार्टी फक्त ६ मतांनी पडली, आणि आदल्याच वर्षी तिथे जवळपास पंधरा हजारांनी निवडून आलेली. दहा महिन्यांत एवढे लोक फिरतात का हो?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सगळे फिरले नाहीत, बरेच घरीच बसले. आकडेच बघा ना. जुलै २०२४ला लेबरला २२,३५८ आणि रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाला ७,६६२, म्हणजे १४,६९६चं लीड. १ मे २०२५ला रिफॉर्मच्या सारा पोचिन १२,६४५, लेबरच्या कॅरन शोर १२,६३९. रिफॉर्मची वाढली पाचेक हजार, त्यातली काही कॉन्झर्व्हेटिव्हकडूनही आली असणार, पण लेबरची घटली पावणेदहा हजारांच्या आसपास! मतदानच जेमतेम ४६ टक्के झालं.

लोक चिडले होते हे तर दिसतंच. लेबरच्याच खासदाराने रस्त्यावर एका माणसाला ठोसे मारले, व्हिडिओ सगळीकडे फिरला, कोर्टाने १० आठवड्यांची शिक्षा दिली (ती पुढे अपिलात स्थगित झाली) आणि शेवटी त्याने सीट सोडली म्हणून तर ही निवडणूक लागली. वरून लेबरच्याच सरकारने बहुतेक पेन्शनरांचा थंडीतला हीटिंगचा भत्ता काढून घेतलेला, म्हातारी माणसं ते कसं विसरतील?

मला विचाराल तर लीड म्हणजे त्या दिवसाचा हिशोब, पुढची गॅरंटी नाही. आपल्याकडे १९८९ला ताईंनी, म्हणजे भाजपच्या सुमित्रा महाजनांनी, प्रकाशचंद्र सेठींना हरवलं, माजी मुख्यमंत्री होते ते, कोणाला वाटलं होतं? आणि २०२४ला इथे काँग्रेसच्या उमेदवाराने फॉर्मच मागे घेतला, भाजपला ११,७५,०९२चं लीड मिळालं पण नोटालाही २,१८,६७४ मतं पडली, तर त्या लीडवरून इंदूरच्या मनात काय आहे हे कसं कळणार, समोर कोणी मोठा उमेदवार तरी हवा ना.

मोजणीत गडबड वगैरे नाही. तिकडे ईव्हीएम नाहीत, कागदी मतपत्रिका, सगळं हाताने मोजतात. फरक एवढा कमी म्हटल्यावर फेरमोजणी झाली, रात्रभर चाललं, सकाळी निकाल लागला.

आणि मुलाला एक नक्की विचारा, त्याने मतदार यादीत नाव घातलंय का? भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तिथे राहणाऱ्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, आपल्या कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं. नाव ऑनलाइन घालता येतं, बूथवर फोटो आयडी लागतो, त्याला पासपोर्ट चालतो.