बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं जास्त अचूक असूनही लोक जुनी चावीची मनगटी घड्याळं का जमवतात?

बॅटरीशिवाय चालणारं, उघडून पुन्हा दुरुस्त करता येणारं यंत्र हातावर बांधता येतं म्हणून. अचूक वेळ हा त्यात दुय्यम मुद्दा. मी स्वतः अशी घड्याळं उघडून साफ करतो. चावी दिली की मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते, ती सुटताना चाकं फिरतात आणि केसाइतक्या बारीक हेअरस्प्रिंगवर बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं चाक, मागेपुढे झुलत राहतं. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. मागचं झाकण काढून हे एकदा पाहिलं की नजर हटत नाही! शिवाय १९६९ मध्ये सेको या जपानी कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, त्यानंतर यांत्रिक घड्याळांचे कित्येक कारखाने बंद पडले, त्यामुळे आधीच्या मशीनची ओढ आणखी वाढते. डायलवर चढलेली पिवळसर झाकही प्रत्येकाची वेगळी.

मात्र गुंतवणूक म्हणून यात पडू नका. नव्याने रंगवलेला डायल किंवा बदललेले काटे असले की किंमत बरीच उतरते, आणि फोटोवरून ते ओळखणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. तसंच फार जुन्या चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असू शकतो. तो डायल खरवडू नका.