रानडे 'न्यायमूर्ती' कधी झाले? आणि 'मुन्सफ' म्हणजे निम्मं देणारा

प्रश्न असा आहे: '1871 साली महादेव गोविंद रानडे पुण्यात आले, तेव्हा ते न्यायाधीश होते, न्यायमूर्ती होते की मुन्सफ?'

न्यायमूर्ती तर नव्हतेच. दर जानेवारीत त्यांच्या जयंती-पुण्यतिथीला 'न्यायमूर्ती म्हणून पुण्यात रुजू झाले' हे वाक्य कानावर पडतं आणि दर वेळी चीड येते. पुण्यात आले ते पहिल्या वर्गाचे सबजज्ज, म्हणजे दुय्यम न्यायाधीश म्हणून. मधे नाशिक, धुळे, मुंबई अशा बदल्या झाल्या, पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात बसले, शेतकऱ्यांच्या कर्जांच्या कायद्याखालचे स्पेशल जज्ज झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि 1893 मध्ये त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टात गेले. 'न्यायमूर्ती' तिथून पुढे, म्हणजे 1901 च्या जानेवारीत ते गेले तोवरची जेमतेम सात वर्षं. हायकोर्टाच्या जज्जाला इंग्रजीत नावाआधी 'जस्टिस' लावतात, म्हणून मराठीत 'न्यायमूर्ती'. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीशच होते, त्यांना कोणी न्यायमूर्ती म्हणत नाही आणि त्यानं त्यांची उंची कमी होत नाही. निमंत्रणपत्रिकेत तालुक्याच्या न्यायाधीशांना 'न्यायमूर्ती' छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता मुन्सफ. मुंबई इलाख्यात 1869 च्या कायद्यानं मुन्सफ, सदर अमीन ही खालच्या पायरीच्या दिवाणी न्यायाधीशांची पदनामं जाऊन सबजज्ज आले, म्हणून रानडे कागदोपत्री मुन्सफही नव्हते. त्यांच्या आधीच्या पिढीतले लोकहितवादी मात्र खरेखुरे मुन्सफ. मद्रास-बंगालकडे हे पद पुढेही टिकलं. पायरी खालची म्हणून शब्दही हलका, असा आपला समज झाला आहे, पण शब्द अस्सल सोन्याचा आहे. अरबीत न-स-फ ही तीन व्यंजनं. त्यातून 'निस्फ' म्हणजे अर्धा, 'इन्साफ' म्हणजे ज्याचा अर्धा त्याला देणं, आणि तसं देतो तो 'मुन्सिफ'. दोन भावांत एक गुळाची पोळी असली, की आई थोरल्याला मोडायला सांगते आणि आधी उचलायचा हक्क धाकट्याला देते. थोरल्याची बोटं पोळीच्या मध्यावर किती वेळ घुटमळतात ते बघा. इन्साफ तो!

मुन्सफ हा 'मुनशी'चा भाऊ, असं छातीठोक सांगणारे भेटतात. साफ चूक. मुनशी 'इन्शा'तला, म्हणजे मजकूर रचणारा. दोघांचं मूळच वेगळं.

आणि अर्ध्याचा विषय निघालाच आहे तर 'निम्मा' घ्या. फारसी 'नीम'वरून आला, असा शिक्का मारून पुष्कळजण मोकळे होतात. निमसरकारी, निमशहरी यांतला 'निम' फारसी, कबूल. पण संस्कृतात 'नेम' म्हणजे अर्धा हा शब्द वेदापासून आहे, आणि पाणिनीनं तो 'प्रथमचरमतयाल्पार्धकतिपयनेमाश्च' या सूत्रात 'अर्ध'च्या पंक्तीला बसवला आहे. फारसी नीम त्याचाच इराणी भाऊबंद. आता 'निम्मा' कसा वागतो ते पाहा. निम्मा, निम्मी, निम्मे असा लिंगवचनांप्रमाणे बदलतो, म दुहेरी घेतो. फारसी 'निम' मात्र दुसऱ्या शब्दाच्या पुढ्यात चिकटून बसतो, हलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: निम्मा घरचा आहे, 'नेम'चा वंशज. फारसीवाले म्हणतात, दुहेरी म हा नुसता उच्चाराचा जोर आणि विकारी रूप मराठीनं नंतर चढवलं. मग 'निमसरकारी'चं 'निम्मासरकारी' का नाही झालं, याचं उत्तर त्यांनी द्यावं. दरबारी लिखापढीच्या वाटेनं आलेला शब्द भाकरीच्या तुकड्यापर्यंत इतका सहज उतरला असेल, हे मला पटत नाही.