मूळ 'डायब्लो' आज पहिल्यांदाच खेळायला घेतला, तर तो कसा वाटतो?

आजवर अलीकडचे वेगवान अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेमच (एक पात्र घडवत शत्रूंशी लढत जाण्याचे संगणकीय खेळ) खेळलेल्या माणसाने १९९६-९७ च्या संधीवर बाजारात आलेला मूळ 'डायब्लो' प्रथमच हाती घेतला, तर त्यात त्याचे मन रमेल का, असे आपण विचारले आहे. मी नेमका असाच खेळाडू आहे. गेल्या काही आठवड्यांत योद्ध्याचे पात्र घेऊन मी जमिनीखालच्या सोळा मजल्यांपैकी आठ मजले उतरलो आहे, तेव्हा पुढचे मत तेवढ्याच अनुभवावरचे आहे असे समजावे.

सर्वांत आधी जाणवतो तो चालण्याचा वेग. या खेळात नायकाला धावता येत नाही. ट्रिस्ट्रम या गावात ग्रिस्वोल्ड लोहाराकडून नदीपलीकडच्या एड्रिया चेटकिणीपर्यंत जायचे म्हटले तरी बराच वेळ जातो आणि पहिल्या दिवशी त्याचा मला खरोखर कंटाळा आला. मात्र प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या उतरून खाली गेल्यावर तोच संथपणा वेगळा भासू लागला. संकटातून पळून सुटता येत नाही हे एकदा पक्के झाले की पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी माणूस थांबतो, कानोसा घेतो, दार उघडण्याआधी माघारीची वाट मोकळी आहे ना हे पाहतो. नायकाभोवती उजेडाचे एक लहानसे वर्तुळ असते आणि त्यापलीकडच्या अंधारातून सांगाड्यांचे बाण येतात, ते सोडणारा मात्र दिसत नाही. नव्या खेळांत शंभर शत्रू एका फटक्यात लोळवूनही मला जी धास्ती कधी वाटली नव्हती, ती येथे चार सांगाड्यांनी वाटायला लावली.

या लढाईची घडण समजून घेण्यासारखी आहे. डेव्हिड ब्रेव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ आरंभी आळीपाळीने चाली करण्याच्या पद्धतीचा म्हणून रचला होता. पुढे तो सलग वेळेत चालणारा करावा असा आग्रह झाला, आणि तो बदल आपण काही तासांतच करून पाहिला, असे ब्रेव्हिक यांनी स्वतः सांगितले आहे. त्या मूळ रचनेच्या खुणा अजून शिल्लक आहेत. जमीन चौकोनांची आहे आणि एका चौकोनात एकच जीव मावतो, त्यामुळे आपण कोठे उभे आहोत याला हातातल्या तलवारीइतकेच महत्त्व येते. मोकळ्या दालनात चहूबाजूंनी वेढले गेलो तर लागोपाठ बसणाऱ्या फटक्यांनी नायक असा खिळून जातो की उलट वार करण्याची संधीच मिळत नाही. तोच जमाव दाराच्या तोंडाशी अडवून धरला तर एकेकाला गाठता येते. पहिले चार मजले मी जवळजवळ सगळे दारात उभा राहूनच काढले.

शत्रूंचे स्वभावही निरनिराळे आहेत. 'फॉलन' नावाची ठेंगणी पिशाच्चे सोबती मरून पडला की घाबरून पळतात आणि थोड्या वेळाने परत येतात. 'स्कॅव्हेंजर' हे जनावर प्रेते खाऊन आपली शक्ती भरून काढते. असल्या गोष्टी खेळ कोठेही शिकवत नाही, त्या पाहता पाहता कळतात, आणि मला तरी हा त्याचा मोठा गुण वाटतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या 'कसाई' नावाच्या राक्षसी शत्रूचा प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझे मत खऱ्या अर्थाने तेथे बनले. प्रार्थनामंदिराबाहेर एक घायाळ गावकरी मरता मरता त्याच्याविषयी सांगतो. मी ते ऐकूनही फारसे मनावर घेतले नाही आणि रक्ताने माखलेल्या त्या खोलीचे दार उघडले. 'ताजे मांस' असे पुटपुटत तो इतक्या वेगाने अंगावर आला की दोन औषधाच्या बाटल्या संपवूनही मी काही क्षणांत गतप्राण झालो. नंतर मी ती खोली तशीच बंद ठेवली, चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन चिलखत आणि बळ कमावले, पट्ट्याच्या आठही कप्प्यांत पेपिन वैद्याकडची औषधे भरली आणि मगच परत आलो. त्या विजयानंतर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. कामगिऱ्या प्रत्येक डावात वेगळ्या निवडल्या जातात, त्यामुळे आपल्या डावात हा कसाई नसण्याचीही शक्यता आहे.

सोन्याचा व्यवहारही कडक आहे. एकट्याने खेळताना मारलेले शत्रू पुन्हा उत्पन्न होत नाहीत, म्हणजे अनुभव आणि धन या दोन्हींचा साठा मर्यादित राहतो. सापडलेली जादूची वस्तू ओळखून द्यायला केन हा वृद्ध शंभर नाणी घेतो, लाकडी पायाचा विर्ट हा मुलगा आपल्याकडची वस्तू नुसती दाखवायला पन्नास घेतो, आणि झिजत झिजत शून्यावर आलेले शस्त्र कायमचे नष्ट होते. नव्या खेळांत वस्तूंचा पाऊस पडतो आणि आपण त्यांतल्या बहुतेक न पाहताच टाकून देतो. येथे एक बरी ढाल मिळाली तरी ती दुरुस्त करून जपावीशी वाटते.

गैरसोयी आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. सामानाच्या चाळीस चौकोनांत सोन्याच्या नाण्यांनाही जागा लागते, स्वतंत्र कोठार नाही, त्यामुळे जास्तीच्या वस्तू मी गावातल्या जमिनीवरच मांडून ठेवतो. २००० साली आलेल्या 'डायब्लो २' मधला कौशल्यांचा विस्तृत वृक्ष, म्हणजे एकातून दुसरे कौशल्य उलगडत जाणारा तक्ता, येथे नाही. दर पातळीला पाच गुण वाटायचे आणि मंत्र पोथ्या वाचून शिकायचे, एवढेच. पात्र घडवण्याचे बारकावे हेच आपल्याला खेळांत सर्वाधिक आवडत असतील, तर हा खेळ आपल्याला तोकडा वाटेल आणि मी तो घेण्याचा आग्रह धरणार नाही. वातावरणासाठी मात्र तो जरूर खेळावा. मॅट उल्मेन यांची ट्रिस्ट्रमची गिटारची धून मी कित्येकदा काहीही न करता, नायकाला विहिरीपाशी उभा ठेवून ऐकली आहे.

सुरुवात करायची झाल्यास योद्धा घ्यावा, पहिले सोने औषधांवर खर्च करावे आणि गावी परतण्याच्या मंत्राची एक तरी गुंडाळी सतत जवळ बाळगावी. नवव्या मजल्यापासून गुहा लागतात. जिन्यावरून मी दोनदा डोकावून आलो आहे; तेथे तापलेल्या लाव्हाच्या कडेने वाट जाते आणि अडवून उभे राहण्याजोगे दार एकही दिसले नाही. तेव्हा आठ मजले ज्या युक्तीवर काढले ती आता सोडावी लागेल, आणि सध्या मी त्यासाठी धनुष्य चालवून पाहतो आहे.